पाच थरांचं कार्टून

गल्फमध्ये खोक्याला खोकं म्हणणारा माणूस कालच्या विमानाने आलेला समजावा. तिथे खोक्याला कार्टून म्हणतात. गावी पाठवायचे साबण, बदाम आणि ब्लँकेटं कार्टूनमध्ये भरतात, दुधाची पावडर कार्टूनच्या हिशेबाने घेतात, आणि नोकरी गेली की माणूस आपला संसार दोन कार्टूनमध्ये बांधून विमानतळ गाठतो. मुलं टीव्हीवर बघतात तेही कार्टूनच. अरबीतसुद्धा दोन्हीला शब्द एकच, आणि त्यापायी आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते विष्णू पेडणेकरांचं, आणि तेही त्यांच्या बायकोने, वासंतीने, अडू दिलं म्हणून.

पेडणेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गनीशेठच्या खोक्यांच्या कारखान्यात ते असिस्टंट सेल्स मॅनेजर होते, आणि त्यातला 'असिस्टंट' गळून पडावा म्हणून बरीच वर्षं देव पाण्यात ठेवून बसले होते. खोक्यावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. दुकानात गेले की ते मालाकडे बघत नसत, माल ज्यातून आला ते खोकं उलटं करून बघत. कुणाच्या घरी जेवायला गेले की बाल्कनीत रचलेल्या खोक्यांवरून हात फिरवून "थ्री प्लाय, लोकल," असा शेरा मारत आणि मगच पानावर बसत. प्लाय म्हणजे थर. तीन थरांचं खोकं साधं, पाच थरांचं दणकट. वासंतीने एकदा एक टीव्ही पसंत केला होता, तर यांनी तो खोक्यावरून नापास केला. "ज्यांनी खोक्यात काटकसर केली, त्यांनी आत काय दिवे लावले असणार?" असं त्यांचं म्हणणं पडलं.

अशा माणसाच्या घरी अनन्या जन्माला आली. वय वर्षं अकरा. मुलगी दिवसरात्र चित्रं काढी. अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून खाडीचं पाणी दिसे, त्यावरच्या बोटी काढी, समोरच्या इमारतीतल्या बायका काढी, आणि टीव्हीवरच्या मोठ्ठ्या डोळ्यांच्या जपानी मुली तर डोळे मिटून काढी. पेडणेकरांनी या चित्रांची कदर केली नाही असं म्हणता येणार नाही. कागद चांगला जाड असे. गिऱ्हाइकाचा फोन आला की ते हाताला लागेल ते चित्र उलटं करत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खोक्याची आकृती काढून त्यावर लांबी, रुंदी, उंची टाकत. पुढे परी, मागे बिस्किटांचं कार्टून, असा त्या घरातला चित्रसंग्रह होता. शाळेच्या बक्षीस समारंभाला ते एकदा गेले होते, पण बक्षिसं वाटून झाल्यावर. वासंती भांडून थकली होती. पोरीने भांडणं कधीच सोडून दिलं होतं, आणि वासंतीला खरं दुःख त्याचंच होतं.

सन दोन हजार एकच्या हिवाळ्यात दुबईला, खाडीजवळच्या एका दालनात, जपानी ॲनिमेशनचं प्रदर्शन महिनाभरासाठी उघडलं. शारजा-दुबईच्या शाळांकडून मुलांची चित्रं मागवली होती, आणि अनन्याचं चित्र निवडून तिथे भिंतीवर लावलं होतं. काय काढलं आहे हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. फक्त एवढंच म्हणाली होती, "आई, बाबा हॅज टु सी इट." जेवणाच्या टेबलावर पेडणेकर पेपरच्या आड असताना तिने धीर केला.

"बाबा, देअर इज अ जॅपनीज कार्टून एक्झिबिशन इन दुबई. विल यू कम ऑन फ्रायडे?"

पेपर खाली आला. जेवताना पेपर खाली आलेला वासंतीने भूकंपाच्या अफवेनंतर प्रथमच पाहिला.

"जपानी कार्टून?"

"येस, बाबा."

"काय काय ठेवलंय? ड्रॉइंग्जसुद्धा?"

"लॉट्स ऑफ ड्रॉइंग्ज!" पोरगी फुलून आली. "अँड मिस्टर नाकामुरा इज कमिंग फ्रॉम टोकियो. अँड माय ड्रॉइंग—"

पण पेडणेकर पुढचं ऐकायला जागेवर नव्हते, मोबाइल शोधत हॉलमध्ये गेले होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, "बघितलंस वासंती? अख्ख्या मार्केटला पत्ता नाही आणि शाळेतल्या पोरांना आधी कळलं! अगं, कार्टूनमध्ये जपानचा हात कोण धरणार? त्यांचं फाइव्ह प्लाय मी एकदाच हातात घेतलं होतं, वरून दोन माणसं नाचली तरी दबणार नाही. येणार म्हणजे काय, यल्ला, शुक्रवारी सकाळीच निघू!"

वासंतीच्या हातात आमटीचा डाव होता, तो तसाच राहिला. घोटाळा तिच्या तत्काळ ध्यानात आला. 'ध'चा 'मा' झाला होता आणि तो दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिच्या ओठावर आलंही. तेवढ्यात तिने पोरीकडे पाहिलं. बाबा हो म्हणाले, म्हणून अनन्या ताटातलं कारलं निमूट खात होती. वासंतीने आमटी वाढली आणि अळीमिळी गुपचिळी करून बसली. नवऱ्याला फसवल्याचं तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोक्याच्या नावाने का होईना, बाप पोरीच्या चित्रासमोर उभा राहणार होता. मग काय व्हायचं ते होवो.

शुक्रवारी पेडणेकरांनी सूट चढवला. टायवर छोटी सोनेरी चौकट होती, खोक्यासारखी, म्हणून ती त्यांची लाडकी. गाडीत त्यांनी मापपट्टी आणि भिंग घेतलं. मागे बसलेली अनन्या ते पाहून हरखली. "बाबा, यू आर ब्रिंगिंग अ मॅग्निफाइंग ग्लास?" तिला वाटलं, बाबा चित्रातली रेष न् रेष बघणार.

"मग! बारकाईने बघायला नको?" पेडणेकर म्हणाले, आणि गाडी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये घुसवत त्यांनी बायकोला खालच्या आवाजात खरी बातमी दिली. "गनीशेठ पण येतायत."

वासंती गर्रकन त्यांच्याकडे वळली. "गनीशेठ? कशाला?"

"कशाला म्हणजे? मी सांगितलं त्यांना. म्हटलं शेठ, जपानी पार्टी आहे, कार्टूनचा मोठा माणूस येतोय, एजन्सी पदरात पाडून घेऊ. खुश झाले एकदम! त्यांनी पार्टनरलासुद्धा सांगून टाकलंय. आज जमलं की असिस्टंट खलास. मॅनेजर पेडणेकर!"

म्हणजे बाजारात तुरी होत्या आणि भट भटणीला मारायच्या तयारीत होता. वासंतीने आता मात्र देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं. "अहो, ऐका ना. हे कार्टून म्हणजे तुम्हाला वाटतं तसं—"

"वासंती," पेडणेकर समजुतीच्या सुरात म्हणाले, "ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यात आपण बोलू नये. गेली चौदा वर्षं मी कार्टूनमध्ये आहे."

निदान सांगायचा प्रयत्न केला, एवढं पुण्य वासंतीने आपल्या खात्यावर जमा करून घेतलं.

दालनाच्या दारात तिकिटाची खिडकी होती. "तीस दिरहॅम! म्हणजे पावणेचारशे रुपये झाले, नुसतं आत जायला," पेडणेकर म्हणाले, पण खूश होऊन म्हणाले. फुकटची प्रदर्शनं थ्री प्लायवाले भरवतात असा त्यांचा अनुभव होता. अनन्या तिकीट घेऊन काळ्या पडद्यामागे धावत गेली. तिला आपलं चित्र कुठे लावलंय ते शोधायचं होतं.

"जपानी कार्टून?" पेडणेकरांनी दारातल्या लेबनीज मुलीला विचारून खात्री करून घेतली.

"येस सर, कार्टून, अहलन," ती स्वागत करत म्हणाली.

पडद्याअलीकडे एक टेबल होतं आणि टेबलामागे चष्मा लावलेले, सुपारीएवढी हनुवटी असलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. हेच नाकामुरा, टोकियोचे ॲनिमेशनवाले. पेडणेकरांनी कमरेत वाकून नमस्कार केला, त्यांनी आणखी खाली वाकून परतफेड केली, मग हे आणखी वाकले. ही चुरस चालू असतानाच गनीशेठ येऊन पोचले. दापोलीकडचा माणूस, तीस वर्षांपूर्वी लाँचमधून उतरलेला, आता पांढरी मर्सिडीज. शेठना बघून पेडणेकरांना चेव चढला आणि बोलणी सुरू झाली. दोघंही इंग्रजी बोलत होते, पण एक वेंगुर्ल्याचं आणि एक टोकियोचं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं उत्तम कळतंय असं दोघांनाही वाटत होतं.

"तुमच्या कार्टूनमध्ये थर किती?" पेडणेकरांनी थेट मुद्द्याला हात घातला.

नाकामुरांचा चेहरा उजळला. इतका जाणता प्रश्न त्यांना या गावात कुणी विचारला नव्हता. पारदर्शक कागदावरची चित्रं एकावर एक ठेवून त्यांचं काम चाले. "साधारण तीन. पण काम अवघड असेल तर पाच."

"फाइव्ह प्लाय!" पेडणेकर शेठकडे वळून कुजबुजले. "मी काय सांगत होतो? आणि मशीन कुठलं?"

"मशीन नाही. सगळं हाताने."

"हाताने!"

"हाताने. एका सेकंदाला बारा."

नाकामुरा पडद्यावरच्या एका सेकंदाला लागणारी चित्रं मोजत होते, पेडणेकर खोकी. शारजाच्या कारखान्यात जर्मन मशीन लावूनसुद्धा सेकंदाला दोनच्या वर खोकं पडत नव्हतं. "सेकंदाला बारा! शेठ, ऐकलंत? हाताने बारा! माणसं किती ठेवता तुम्ही?"

"पुष्कळ. फार मेहनती मुलं. कधी कधी तर घरीच जात नाहीत, टेबलाखाली झोपतात."

गनीशेठच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. "बघ, विष्णू," ते म्हणाले, "आणि आपले लोक? सहा वाजले की हातातली गोंदाची बादली टाकून पळतात. विचार त्यांना, पाण्याचं कसं? भिजलं तर?"

"पाणी?" नाकामुरा गंभीर झाले. "पाणी सगळ्यांत कठीण. लाट नीट जमायला दहा-दहा वर्षं जातात."

"लाट म्हणजे आतली लहर, शेठ! आपण फ्लूट म्हणतो ना, ती. दहा वर्षं नुसत्या फ्लूटवर काढतात. म्हणून तर ते जपान आहे." पेडणेकरांना गहिवर आवरेना. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "आणि आत? आत काय घालता?"

नाकामुरांनी छातीवर हात ठेवला. "आत मन घालावं लागतं. बाहेरून कितीही सुंदर करा, आत रिकामं असलं तर मुलांना लगेच कळतं."

"वजनावरून कळत असणार," पेडणेकर म्हणाले.

बाजूला उभी असलेली वासंती हे सगळं ऐकत होती. एरवी तिला हसू आवरलं नसतं. पण नाकामुरांचं ते शेवटचं वाक्य तिच्या काळजाला लागलं, आणि आपल्या नवऱ्याने ते तराजूत टाकलं म्हणून तिला त्याची चीड आली आणि दयाही आली. एवढ्यात नाकामुरांनी अदबीने काळा पडदा बाजूला केला. "या."

आत एकही खोकं नव्हतं.

भिंतीभर मुली होत्या, बशीएवढ्या डोळ्यांच्या. लोखंडी राक्षस होते, उडती जहाजं होती, बोलती मांजरं होती. पडद्यावर निळ्या केसांचा एक मुलगा रडत होता आणि त्याच्यासमोर शे-दीडशे पोरं खाली मांडी घालून बसली होती. पेडणेकरांच्या हातातली मापपट्टी खटकन मिटली. गनीशेठनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "विष्णू, माल कुठाय?"

पेडणेकरांची पाचावर धारण बसली. पण चौदा वर्षं सेल्समध्ये काढलेला माणूस बुडताना पाण्याचाही भाव करतो. "शेठ," ते म्हणाले, "हाच माल. मी मुद्दाम आधी बोललो नाही. कार्टूनवर कार्टून छापायचं! दुधाच्या पावडरीच्या खोक्यावर हा निळा मुलगा आला, की पोरं दुकानातून खोकं घेतल्याशिवाय हलणार नाहीत."

गनीशेठ बराच वेळ त्या निळ्या मुलाकडे बघत राहिले. त्यांनीही पार्टनरला सांगून ठेवलं होतं. आपण खोकी बघायला आलो होतो हे कबूल करावं, की आपण दूरदृष्टीचे आहोत हे कबूल करावं, असा प्रश्न होता, आणि त्यात विचार करण्यासारखं फारसं नव्हतं. "माझ्याही डोक्यात हेच होतं," ते म्हणाले, आणि हात मागे बांधून चित्रं बघत पुढे गेले, जणू दर शुक्रवारी त्यांचा हाच कार्यक्रम असावा.

शेठ लांब गेल्यावर पेडणेकर बायकोकडे वळले. कान लाल झाले होते. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस? शेठसमोर माझी शोभा झाली असती!"

"बोलले असते तर आला असतात?" वासंतीचा आवाज चढला, आणि चढला तो चढलाच. "तुमच्या पोरीचं चित्र लावलंय इथे. तिचं. कार्टून कसलं ते एकदा तरी नीट ऐकलंत का तुम्ही? खोक्यासाठी सूट घालून आलात, पोरीसाठी लुंगीवर तरी आला असतात का, सांगा ना!"

पेडणेकरांनी गाडीची किल्ली काढली. "तमाशा पुरे. अनूला बोलाव. घरी जाऊ."

वासंतीला त्या क्षणी धाय मोकलून रडावंसं वाटलं. एवढं करून घोडं दारात येऊन पेंड खात होतं. पोरगी टोकाला आपल्या चित्रापाशी उभी राहून वाट बघत असणार आणि बाप तिला लांबूनच हाक मारून नेणार. तेवढ्यात टोकाकडूनच गनीशेठचा गडगडाट ऐकू आला.

"अरे विष्णू! इकडे ये! लवकर! तुझं कार्टून सापडलं!"

शेठने हाक मारली आणि पेडणेकर गेले नाहीत, असं कधी घडलं नव्हतं. ते गेले, मागोमाग वासंती गेली.

मुलांच्या चित्रांची भिंत होती. मधोमध एक मोठं चित्र होतं. खाडीच्या काठावर एक माणूस उभा होता, सुटातला. टायवर सोनेरी चौकट. आणि मानेवर डोक्याच्या जागी खोकं. बाजूला वर जाणारे दोन बाण, बाणांखाली 'फ्रॅजाइल'. गनीशेठ पोट धरून हसत होते. अनन्या भिंतीला पाठ लावून उभी होती आणि हसत नव्हती.

पेडणेकरांनी सवयीने भिंग काढलं. खोकं दिसल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. ते चित्राला नाक लावून बघू लागले आणि बघता बघता त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "शेठ, हसू नका, हे बघा! ही खोक्याची कड बघा! तीन सरळ रेषा आणि मध्ये दोन लहरी. फाइव्ह प्लाय! आपल्या डिझायनरला जमत नाही इतकं बरोबर काढलंय. कोण आहे हा पोरगा? याला उद्या कारखान्यात बोलवा!"

"खाली नाव आहे, वाच," गनीशेठ म्हणाले.

पेडणेकरांनी वाचलं. अनन्या पेडणेकर, शारजा. त्यावर चित्राचं नाव होतं, 'माय फादर'.

भिंग हळूहळू खाली आलं. आता पेडणेकरांना टाय ओळखू आला. त्यांनी आपल्या छातीवरच्या टायला हात लावून पाहिला.

"ही... ही लहर तुला कुणी शिकवली, अनू?"

"यू डिड," अनन्या म्हणाली. "ऑन द बॅक ऑफ माय ड्रॉइंग्ज. आय कॉपीड इट."

घरच्या त्या सगळ्या चित्रांच्या मागच्या बाजू पेडणेकरांना तोंडपाठ होत्या. पुढच्या बाजूवर काय होतं, त्यातलं एकही त्यांना आठवेना. वासंतीला त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं आणि तिला वाटलं, पुरे झालं, एवढं नको होतं.

पण ते हलले नाहीत. पुन्हा चित्राकडे वळले, आणि या वेळी भिंग न लावता बघू लागले. खोक्याच्या पुढच्या बाजूला, जिथे माणसाचे डोळे असतात, तिथे खाकी चिकटपट्टी होती. माणसाशेजारी स्टुलावर एक लहान मुलगी चवड्यांवर उभी होती आणि तिने त्या पट्टीचं टोक बोटांत धरलं होतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून पेडणेकर त्यांना येत होतं तेवढंच बोलले. "पट्टी... पट्टी सरळ लावली नाहीये तिने. एका बाजूने सुटलीय."

अनन्याने नकारार्थी मान हलवली. पोरीने इंग्लिशच बोलायचं हा बापाचाच नियम होता, आणि आजवर तिने तो मोडला नव्हता.

"लावत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "काढतेय."